नाकतोडा

पुदिन्याचं मद्य, कोकोचं मद्य, वर दाट साय.
रंग हिरवा. नाव ग्रासहॉपर, म्हणजे आपला नाकतोडा.
आज मुरंब्याच्या बरणीतच घुसळलं मी ते.
शेकर जावई घेऊन गेला, परत कोण आणतंय.

शिकागो, छप्पन्न साल,
नदीकडे तोंड केलेली इमारत, मजला चौदावा.
लिफ्टमध्ये तेराचं बटण नव्हतंच,
म्हणजे आम्ही तेराव्यावरच होतो,
सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कुणी नाही.
जाहिरातीचा धंदा मी तिथेच शिकले, लिफ्टमध्ये.

नाव माझं ब्रोनिस्लावा.
पहिल्याच सोमवारी हॅल्व्हर्सन साहेबांनी त्याचं बॉनी केलं,
पाकिटात मावावा म्हणून कागद दुमडतात तसं.
एका खोलीत एकवीस जणी, एकवीस टाइपरायटर,
पत्र्यावर दिवसभर गारा.
शेजारी इमेल्डा द्राउगेलिस, उंच, लिथुआनियन,
साडेतीनला चहाच्या कपात व्हिस्की.
"साखर कमी झालीय का बघ," म्हणायची
आणि कप माझ्याकडे सरकवायची.

फरशीच्या मेणाचं गिऱ्हाईक आलं
तेव्हा टेबलाभोवती सहा पुरुष, आणि टिपणं घ्यायला मी.
चकाकी, म्हणाले. आरसा, म्हणाले.
घरची राणी, म्हणाले, आणि सिगारेटी पेटवल्या.
फरशी कुठून पुसायला घेतात
सहांतल्या एकालाही माहीत नव्हतं.
(दाराच्या उलट्या टोकाकडून. नाहीतर बसा कोपऱ्यात अडकून.)

माझी आई तेव्हा रात्री बँक घासायची,
तीन मजले, संगमरवर.
सकाळी तिच्या गुडघ्यांवर
मी कोबीची पानं बांधायचे, लाटण्याने चेचून.
कार्बनच्या पाठीवर मी चार शब्द लिहिले:
गुडघ्यांनाही रविवार असू दे.

शुक्रवारी ते साहेबांच्या तोंडून ऐकले.
छान म्हटले त्यांनी, खोटं कशाला बोलू.
मी म्हटले असते तर घाईत म्हटले असते.
गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.
मग सगळे खाली बारमध्ये. त्यांना मार्टिनी,
आणि मला न विचारता नाकतोडा:
"पोरीसाठी काहीतरी गोड आणा."
मी मुकाट गिळलं. पेयसुद्धा.

इमेल्डा कानाशी आली. "नाकतोडा नीट पाहिलायस कधी?
त्याचे गुडघे पाठीच्याही वर असतात."
एवढंच. पुढे काही नाही. तिसरा ग्लास होता तिचा.

बँकेच्या कचऱ्यातून आईने मासिक आणलं.
मी तिला ती जाहिरात पोलिशमध्ये वाचून दाखवली.
"ही लिहिणारी बाई रांगलेली आहे," आई म्हणाली.
बाई कशावरून?
"पुरुष सुट्टी म्हणतो. रविवार नाही म्हणत."
मी पान उलटलं. भिंतीवरचं घड्याळ बघितलं.
"पगार वाढवला का मेल्यांनी?"
अडीच डॉलर, म्हटलं. आठवड्याला.
"मग उद्या दोन कोबी आण."

नात विचारते, एवढं वाईट होतं
तर सांगताना डोळे का चमकतात तुझे?
काय सांगू हिला.
साडेपाचला नदीचं पाणी तांब्याचं व्हायचं.
इमेल्डा बुटांतून पाय काढून
स्टुलाच्या दांडीवर ठेवायची, बर्फ वाजायचा,
मी बावीस वर्षांची होते,
आणि माझे चार शब्द बसच्या पाठीवर चढून
गावभर हिंडत होते,
दुसऱ्याचं आडनाव लावून का होईना.
मला आठवण त्या माणसांची येत नाही.
त्या उजेडाची येते. आणि हो, थोडी त्यांचीही.

चव अगदी टूथपेस्टची आहे. तेव्हाही तशीच असणार.
ओतताना जमिनीवर थोडं सांडलंय, हिरवं, चिकट.
वाकून पुसता येईल अजून, नाही असं नाही.
राहू दे.
आज रविवार आहे.